साडेचार हजार पौंड हवा

अंजनगाव सुर्जीच्या बसस्टँडकडच्या कुठल्याही पंक्चरवाल्यापाशी घटकाभर उभं राहिलं की हवेचे सगळे आकडे कानावर पडतात. मोटरसायकलला तीस-बत्तीस, सायकलला पन्नासच्या आतबाहेर, ट्रकला शंभर-एकशेवीस. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीला लागतं, पण त्याला पंधराच्या आसपास पुरे. हे आकडे पौंडांचे, आणि तेही दर चौरस इंचावरचे, हे कोणी बोलून दाखवत नाही. ‘दादा, तीस मार’ एवढ्यावर काम भागतं.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याने एका जुन्या टाकीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, घेऊ काय?’ मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. टाकी पेंटबॉलची, साध्या पाण्याच्या बाटलीएवढी. तिच्या अंगावर आकडा होता ४५००. मी तो बसस्टँडवरच्या आमच्या पंक्चरवाल्याला दाखवला. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, ‘सर, एक शून्य जास्त पडलं असन.’

शून्य बरोबर होतं.

पेंटबॉल म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची लुटुपुटुची लढाई. आपल्याकडे लोणावळ्यासारख्या ठिकाणी रिसॉर्टवाले ती खेळायला देतात. पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात झाला. खेळाडू १२, आणि हातात जी पिस्तुलं होती ती लढाईची नव्हेतच. जंगलखात्याचे लोक तोडायच्या झाडांवर आणि गुराखी गुरांवर खूण करायला ती वापरत. जिंकला तो एक वनकर्मी, आणि तोही एकही गोळी न झाडता. आज गोळी साधारण १७ मिलिमीटर व्यासाची, तीन ग्रॅमची असते आणि सेकंदाला ९१ मीटर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर वेगाने सुटते. तिला ढकलते ती हवा. आधी कार्बन डायऑक्साइड वापरत, आता बहुतेक जण साधी हवाच वापरतात, फक्त ती फार दाबून भरलेली असते.

किती दाबून? भाच्याच्या टाकीत जागा ६८ घनइंच, म्हणजे १.१ लिटर. तिच्यात ४५०० पौंडांनी हवा भरली की बाहेरची सुमारे ३१० लिटर हवा आत मावते. खुर्चीत स्वस्थ बसलेला माणूस चाळीसेक मिनिटांत जेवढी हवा छातीत घेऊन सोडतो, तेवढीच ही. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत अशा नव्वद टाक्यांची हवा फुकट पडून असते. हवेला वजन नसतं असं शाळेतली पोरं हमखास म्हणतात; ही टाकी भरलेली आणि रिकामी अशी किराण्याच्या काट्यावर ठेवली तर पावणेचारशे ग्रॅमचा फरक येतो.

मालाचा हिशेब एवढाच. पावणेचारशे ग्रॅम हवा, किंमत शून्य. खरा पसारा आहे तिला कोंडण्यात.

साडेचार हजार पौंड म्हणजे दोन टनांहून जरासं जास्त, आणि ते एका चौरस इंचावर. कॅरमच्या सोंगटीखाली मावेल एवढ्या जागेवर. टाकीच्या तळाचं आतलं क्षेत्रफळ बारा-साडेबारा चौरस इंच भरतं. म्हणजे बूड बाहेर फेकायला आतली हवा पंचवीस टनांचा जोर लावते. मालाने लादलेला दहाचाकी ट्रक त्या बुडावर उभा केल्यासारखा. टाकी पोत्यात पडलेली असो की गाडीच्या डिकीत, जोर चोवीस तास चालू. तोंडाशी रेग्युलेटरचा आटा असतो, व्यास पाच अष्टमांश इंच. तिथलं क्षेत्रफळ चौरस इंचाच्या तिसऱ्या भागाहूनही कमी, तरी रेग्युलेटरला बाहेर ढकलणारा जोर सव्वासहा क्विंटलचा. कापसाच्या सहा-सव्वासहा क्विंटलांचा ढीग ज्याने आपल्या अंगणात पाहिला आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

हा आटा म्हणजे जुन्या टाकीचा सगळ्यात वाईट कोपरा. खेळाडू टाकी बंदुकीवरून काढायला फिरवतो. फिरायला हवी टाकी आणि रेग्युलेटर दोन्ही मिळून, पण सैल झालेली असेल तर रेग्युलेटर बंदुकीवरच राहतो आणि टाकी त्याच्यापासून सुटत जाते. शेवटचा आटा सुटला की टाकी उडते. कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या अशा सुटून अमेरिकेत माणसं दगावली आहेत. म्हणून जाणते खेळाडू एक युक्ती करतात: रेग्युलेटर आणि टाकी यांच्या सांध्यावर आडवी नेलपॉलिशची रेघ ओढतात. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की टाकीला हात लावायचा नाही. लाखमोलाच्या तपासण्या एकीकडे आणि दहा रुपयांच्या बाटलीतली ही लाल रेघ एकीकडे; मला विचाराल तर जुनी टाकी पाहताना मी आधी ही रेघ बघेन.

आता ही हवा भरायची कशी, ते पाहू. सायकलचा साधा पंप घ्या, नळीचा व्यास ३ सेंटिमीटर. एवढ्या दाबाविरुद्ध त्याचा दट्ट्या खाली रेटायला मुठीवर बावीस क्विंटल वजन टाकावं लागेल. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसरही दीड-पावणेदोनशे पौंडांच्या पुढे जात नाही. म्हणून एवढ्या दाबाचे कॉम्प्रेसर टप्प्याटप्प्याने काम करतात: पहिला दट्ट्या जाड, पुढचा बारीक, शेवटचा जवळजवळ पेन्सिलीएवढा, आणि दर टप्प्यानंतर हवा थंड करायची. थंड का? कारण बाहेरची हवा एका दमात, उष्णता बाहेर जाऊ न देता ३१० पट दाबापर्यंत नेली तर हिशेबाने तिचं तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, चांदी ९६१ ला.

शेतकऱ्याला हे नवं नाही. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा सोळा ते वीस पट आकुंचित केली की ती एवढी तापते की डिझेल आपसूक पेट घेतं. इथे आकुंचन शेकड्यांत आहे. त्यामुळे टाकीच्या भरायच्या निपलला ‘जरा फिरत नाही, थेंबभर तेल सोडू’ असं कोणी केलं तर त्याने तिथे नकळत डिझेल इंजिन उभारलं असं समजावं. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या कुठल्याही वस्तूला तेल घालायची सवय आहे, विळ्यापासून झोपाळ्यापर्यंत. तेल ओघळलेली जुनी टाकी दिसली तर किंमतही विचारू नये.

एवढा उपद्व्याप आजच्या लोकांनी काढला असं वाटत असेल तर १८०३ साल आठवा. अंजनगावच्या माणसाला ते साल शिकवावं लागत नाही. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी आमच्या गावी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, सुर्जी-अंजनगावचा तह. तिकडून तहावर होता आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. या सगळ्या लढायांत दोन्ही बाजूंच्या बंदुका दारूच्याच होत्या. प्रत्येक बारानंतर नळीत नव्याने दारू आणि गोळी ठासायची.

त्याच वर्षी ऑगस्ट अखेरीला अमेरिकेत मेरिवेदर लुईस पिट्सबर्गहून पश्चिमेच्या मोहिमेवर निघाला, आणि त्याच्या सामानात हवेवर चालणारी बंदूक होती. निघाल्या दिवशीच नदीकाठी जमलेल्या लोकांना त्याने ती सात बार काढून दाखवली, पन्नास मीटरवरून. मग पाहुण्यांपैकी एकाने हाताळायला घेतली, ती चुकून सुटली आणि गोळी चाळीसेक यार्डांवरच्या एका बाईची टोपी भेदून कानशिलाला चाटून गेली. बाई वाचली. ही बंदूक जिरांदोनी घडणीची असावी, असा बऱ्याच अभ्यासकांचा कौल आहे. बार्तोलोमेओ जिरांदोनी हा टायरोलचा कारागीर. त्याची हवाबंदूक ऑस्ट्रियाच्या फौजेने १७८० च्या सुमारास घेतली. बंदुकीचा दस्ता म्हणजेच लोखंडी हवेची टाकी. तिच्यात सुमारे ८०० पौंड हवा भरायची, आणि त्यासाठी हातपंपाचे दीड हजार झटके. मग वीस-बावीस गोळ्या एकापाठोपाठ एक, ना धूर ना ठासणी. दीड हजार झटक्यांनी शिपायाचे खांदे किती भरून येत असतील याची नोंद कुठे माझ्या पाहण्यात नाही, पण फौजेने ही बंदूक पुढे बाजूला ठेवली, याचं मला नवल वाटत नाही.

गंमत अशी की आजच्या पेंटबॉलच्या टाकीत आत ४५०० असले तरी रेग्युलेटर बंदुकीला हवा देतो ती सर्रास ८०० पौंडांनीच. जिरांदोनीच्या शिपायाची पूर्ण भरलेली टाकी म्हणजे आजच्या पोरांच्या नळावरची धार. आणि तेवढ्यावर हजारभर गोळ्या सुटतात.

हवेचे रेणू मोजायला बसलं तर डोकं फिरतं, पण शिक्षकाची खोड जात नाही. या एका टाकीत सुमारे ७७ वर २३ शून्यं एवढे रेणू असतात. भारतातली १४० कोटी माणसं, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, न झोपता, न जेवता, प्रत्येकी सेकंदाला एक रेणू मोजत बसली तर मोजणी संपायला १७ कोटी वर्षं लागतील. गाविलगडाच्या बुरुजांखालचा काळा पत्थर हा दख्खनचा लाव्हा, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे आज मोजणी संपवायची असेल तर तो लाव्हा वाहायच्या दहा कोटी वर्षं आधीच सुरुवात करायला हवी होती. यातला एकेक रेणू ताशी सतराशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सैरावैरा धावतो आणि भिंतीवर आपटतो. दाब म्हणजे दुसरं काही नाही, या आपटण्यांची बेरीज.

आणि भिंत केवढी? जुन्या धाटणीच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या ३००० पौंडांच्या, ४८ घनइंचांच्या. भाच्याच्या टाकीत त्यांच्या दुपटीने हवा मावते आणि तरी ती वजनाला हलकी, सव्वा किलोच्या आतबाहेर. हे जमतं कार्बन फायबरमुळे. आत पातळ ॲल्युमिनियमचं भांडं, आणि त्याभोवती रेझिनमध्ये बुडवलेले काळे तंतू गुंडाळलेले. आम्ही कापसाच्या मुलखातले, म्हणून तंतूचा हिशेब आम्हाला पटकन कळतो. कापसाचा एक तंतू चार-पाच ग्रॅमला तुटतो. कार्बनचा तंतू त्याहून बारीक, मिलिमीटरच्या सात सहस्रांशांएवढा, आणि तो एकटा १९ ग्रॅम पेलतो. असे बारा हजार तंतू शेजारी शेजारी धरून पट्टा करतात. त्याची ताकद सव्वादोनशे किलोपर्यंत जाते, आणि पट्टा केवढा, तर बुटाच्या नाडीएवढा. हा तंतू बहुतेकदा ज्यापासून बनतो ते रसायन स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचंच. ते हजार अंशांच्या वर भाजून त्यातला कार्बन तेवढा ठेवायचा.

पण तंतू ताणाला वाघ, दाबाला शेळी. टाकीत हवा आतून बाहेर रेटते, म्हणजे तंतू ताणले जातात, तिथे त्यांची सद्दी आहे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिक पाहायला गेलेली टायटन ही पाणबुडीही कार्बन फायबरचीच होती, फक्त तिच्यावर दाब बाहेरून आत होता. समुद्रात तीन किलोमीटर खोलीवर जेवढा दाब असतो तेवढाच या टाकीत असतो. टायटॅनिक त्याहून खाली, ३.८ किलोमीटरवर आहे. टायटन चुरडली गेली, आत पाच माणसं होती.

म्हणून जुन्या टाकीवरचा ओरखडा हा रंगाचा प्रश्न नसतो. तपासनीस ०.१३ मिलिमीटरपेक्षा उथळ ओरखड्याकडे दुर्लक्ष करतात. त्याहून खोल गेला की मोजमाप सुरू होतं, कारण तिथे तंतू तुटलेले असतात. पोस्टकार्डाच्या जाडीहून कमी खोलीवर टाकीचं भवितव्य ठरतं.

टाकी फुटली तर काय, हा प्रश्न बहिणीने फोनवर विचारलाच. भरलेल्या टाकीत कमीत कमी ७० हजार ज्यूल ऊर्जा असते. सत्तर किलोच्या माणसाला शंभर मीटर उंच उचलायला एवढी लागते. कुतुबमिनार ७२ मीटरचा. पेंटबॉलची एक गोळी नेते साडेबारा ज्यूल. हजार गोळ्या मिळूनही साठ्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच पोचतात. बहिणीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. फुटायच्या आधी सुटणारी तांब्याची पातळ चकती असते, दाब फार वाढला की ती फाटून हवा सोडून देते, एवढंच सांगितलं. तेही खरंच आहे.

टाकी खरोखर टिकेल का, हे तपासायची रीत मला फार आवडते. तिच्यात पाणी भरतात आणि कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश, म्हणजे ७५०० पौंडांपर्यंत दाब नेतात. टाकी पाण्याच्याच दुसऱ्या बंद भांड्यात ठेवलेली असते. ती फुगली की बाहेरचं पाणी सरकतं आणि काचेच्या नळीत चढतं. दाब सोडला की ती आकसते आणि पाणी उतरतं. पूर्ण उतरायला हवं. जेवढं उतरत नाही तेवढी टाकी कायमची फुगली. धातूच्या टाकीला यात एकूण फुगण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत सूट. कार्बनच्या टाकीला त्याहून कडक नियम. हवेऐवजी पाणीच का? ७५०० पौंडांना पाणी जेमतेम दोन टक्के आकसतं, त्यामुळे त्यात साठणारी ऊर्जा तेवढ्याच हवेच्या दोनशेव्या हिश्श्याएवढी. टाकी तिथे फुटली तर ‘फच्च’ होईल, धमाका नाही.

ही तपासणी आपल्या स्वयंपाकघरातही आहे, फक्त आपण पाहत नाही. गॅसच्या सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो: बी-२७ असेल तर एप्रिल ते जून २०२७ मध्ये त्याची पुढची तपासणी. ए म्हणजे पहिली तिमाही, डी म्हणजे शेवटची. त्या सिलिंडरात उन्हाळ्यातही दाब शंभर-सव्वाशे पौंडांच्या घरातला. रिक्षातल्या सीएनजीच्या टाकीत मात्र २९०० पौंड, म्हणून तिची तपासणी दर तीन वर्षांनी. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्या ऑक्सिजनच्या जंबो सिलिंडरसाठी माणसं रात्ररात्र रांगेत उभी राहिली, त्यात २२०० पौंड; आत ७ हजार लिटर ऑक्सिजन, मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला पावणेबारा तासांचा. त्या महिन्यात हे भागाकार ज्यांनी रात्री केले त्यांना ते पुन्हा शिकवायला नकोत.

आणि या सगळ्या नळकांड्यांचा देशभरचा कारभार चालतो आमच्याच विदर्भातून. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, हिचं मुख्यालय नागपूरला आहे, अंजनगावहून साधारण दोनशे किलोमीटरवर. खातं १८९८ पासूनचं. सिलिंडरच्या नियमांत एक आकडा भाच्यासारख्यांनी पाठ करावा असा आहे: ५०० मिलिलिटर. त्याहून मोठ्या आकाराचं, दाबलेल्या वायूचं भांडं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सिलिंडर. ४८ घनइंचांची टाकी ७८७ मिलिलिटरची, ६८ ची १११४. दोन्ही आत आल्या. परदेशी बनावटीचं सिलिंडर इथे वापरायचं तर नागपूरची मंजुरी लागते, भरायचं तर परवाना असलेल्या ठिकाणीच. ‘सुट्टीत येताना घेऊन येतो, गावच्या पोरांना खेळवू,’ हा भाच्याचा बेत इथेच बारगळला.

राहिला मूळ प्रश्न, नवी की जुनी. फोटो मोठा करून मी लेबल वाचलं. बनवल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. शेवटची तपासणी पाच वर्षांपूर्वी, म्हणजे मुदत संपलेली. भरून देणारा माणूस नियमाने तिला हातही लावणार नाही. अशा कार्बनच्या टाक्यांचं आयुष्य अमेरिकेच्या नियमाने सर्रास १५ वर्षं असतं, त्यानंतर ती कितीही चकाकत असो, बाद. ॲल्युमिनियमला अशी वयाची अट नाही, दर पाच वर्षांनी तपासणीत पास झाली की झालं. विकणारा मागत होता ८० डॉलर. आत्ताच्या तपासणीचे समजा ४० धरले आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च दोन्हीकडे सोडला तर १२० डॉलरमध्ये सहा वर्षं, वर्षाला २० डॉलर. तशीच नवी समजा १८० ला मिळाली तर पंधरा वर्षांची, वर्षाला १२ डॉलर. शिवाय जुनीच्या सांध्यावर लाल रेघेचा पत्ता नव्हता आणि निपलपाशी काहीतरी ओलसर चमकत होतं.

मी त्याला लिहिलं, ‘घेऊ नको.’ त्याने विचारलं, ‘त्याने साठला दिली तर?’ साठ अधिक चाळीस, भागिले सहा, पावणेसतरा डॉलर. तोही आकडा लिहून पाठवला. चार दिवसांनी भाच्याने ॲल्युमिनियमची नवी ४८ ची घेतली. जड आहे, गोळ्याही निम्म्याच होतात, कुरकुर चालू आहे. ती जुनी अजून तिथेच विकायला आहे. किंमत मात्र ८० ची ९० झाली आहे.